आधी मी घालून बघते

आमच्या पीटीच्या बाई सात रस्त्याच्या चौकात शिट्टी वाजवून रस्ता ओलांडायच्या. शाळेतली शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असायची, रविवारीसुद्धा, लग्नातसुद्धा. कडेला उभं राहायचं, एक सणसणीत शिट्टी फुंकायची, उजवा हात आडवा धरायचा आणि सरळ चालू लागायचं. टांगे थांबायचे, सायकली थांबायच्या, एस.टी.चा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काय काय बोलायचा, पण थांबायचा. चौकातल्या पोलिसानं एकदा धीर करून विचारलं, "बाई, ही शिट्टी कुणाच्या हुकमानं?" तर म्हणाल्या, "तुमची वाजत नव्हती की. कुणीतरी वाजवायला नको?" तेव्हापासून बाई दिसल्या की तो आपणहून हात वर करायला लागला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सोलापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात होते आणि या बाईंच्या तावडीत सापडले होते. तावडीतच म्हणते, कारण लाड करणं वगैरे बाईंना जमायचं नाही. उंच, हाडकुळ्या, उन्हानं करपलेल्या. पांढरी सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. मधल्या सुट्टीत उभ्या उभ्याच जेवायच्या. शेंगाचटणी तळहातावर घ्यायची आणि कडक भाकरी कडाकडा मोडून खायची. मूळच्या बार्शीकडच्या वैराग गावच्या. वर्गात अगदी पुस्तकातलं बोलायच्या, पण राग आला की वैरागची बोली बाहेर पडायची. "कुटं निघालीस? हितं ये. मी काय सांगाय लागलेय ते ऐकू येतंय का न्हाय?" एवढं कानावर आलं की कवायतीची वाकडी ओळ आपोआप सरळ व्हायची.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या शाळेला पाठ होतं. "आधी मी घालून बघते."

त्याचं असं होतं. आमच्या शाळेत माझ्यासारख्या काही मुली होत्या. कुणाचा पाय लुळा, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही. अशा मुलींनी पीटीच्या तासाला पायरीवर बसून बाकीच्यांच्या चपला राखायच्या, हा सगळीकडचा रिवाज. बाईंना तो मान्य नव्हता. "चपला राखायला घातलंय का तुला शाळेत?" म्हणून त्या आम्हाला उठवायच्या. मग हळूहळू अशा मुलींचं जे काय असेल ते पीटीच्या बाईंकडे ढकलायचं, असं ठरूनच गेलं. गावातलं एक धर्मादाय मंडळ अधूनमधून वस्तू पाठवायचं. कुबड्या, चष्मे, कानाची मशीनं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, हात जोडून त्या घ्यायच्या आणि पीटीच्या बाईंच्या टेबलावर ठेवायला सांगायच्या. "वाटून टाका."

बाई वाटायच्या नाहीत. आधी स्वतः वापरायच्या. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यांनी सगळी प्रार्थना घेतली आणि परत जाताना व्हरांड्याच्या खांबाला धडकल्या. कपाळावरचं टेंगूळ कितीतरी दिवस मिरवत होत्या. कुबड्या आल्या तर काखेत घेऊन ग्राउंडला चक्कर मारली. त्या सगळ्या कुबड्या एकाच उंचीच्या होत्या. बाईंनी त्या तशाच टांग्यात घातल्या आणि मंडळाच्या ऑफिसात नेऊन भिंतीला उभ्या केल्या. "पोरी काय साच्यातनं काढल्यात व्हय?" तिथले कारकून म्हणाले, "बाई, फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत." बाई म्हणाल्या, "तुम्हाला फुकट शर्ट देते, तुमच्या मुलाच्या मापाचा. उद्या घालून या ऑफिसला." कुबड्या बदलून आल्या.

लक्ष्मीची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. लक्ष्मी माझ्या वर्गात होती. तेलुगू घरातली, वडील विणकर, घरातच माग. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं. मंडळानं तिला कानाचं मशीन दिलं. काडेपेटीपेक्षा मोठी एक डबी, ती छातीशी शिवलेल्या खिशात ठेवायची आणि तिच्यातून निघालेली वायर कानात घालायची. घरच्यांनी मशीनला हळदीकुंकू वाहिलं. दसऱ्याला मागाच्या धोट्याशेजारी ठेवून त्याचीही पूजा केली. पण लक्ष्मीचं डोकं दुखायला लागलं. शाळेत आली की बाकावर डोकं टेकून रडायची. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. मोठ्या बाई म्हणाल्या, हट्टी आहे. पीटीच्या बाईंनी मशीन तिच्याकडून घेतलं आणि संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. मलाही टांग्यात घालून बरोबर नेलं. का नेलं ते विचारू नका, बाई कारणं सांगत नसत.

घरात माग चालू होता. खट खटाक, खट खटाक. बाई मागाशेजारी फतकल मारून बसल्या, वायर कानात घातली, बटण फिरवलं. पुढच्याच ठोक्याला त्यांनी वायर ओढून काढली आणि दोन्ही हातांनी कान धरले. लक्ष्मीचे वडील घाबरून उठले.

"ही पोरगी घरात हे घालून बसते?" बाईंनी विचारलं.

"व्हय बाई. आमी काडूच देत न्हाय. एवडी मोटी वस्तू दिलीया लोकांनी, काडून ठेवली तर पाप लागंल की."

भला माणूस! पोर झोपेपर्यंत त्यानं ते तिच्या कानातून निघू दिलं नव्हतं, आणि माग दिवे लागले तरी चालायचा. बाईंनी मशीन त्याच्या कानात घातलं आणि लक्ष्मीच्या थोरल्या भावाला म्हणाल्या, "मार ठोका." एका ठोक्यात त्याला सगळं कळलं. तो पोरीकडे बघतच राहिला, मग तिचे दोन्ही हात धरून तेलुगूत काहीतरी म्हणाला. आम्हाला ते कळलं नाही. लक्ष्मीला त्याच्या ओठांवरून कळलं असावं, कारण ती हसली.

तेव्हापासून घरात मशीन बंद, शाळेत चालू. पण शाळेतही बाईंचं समाधान होईना. मशीन कानात घालून त्या आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांना कळलं की शिकवणारी फळ्याकडे तोंड करून बोलली की नुसती खरखर ऐकू येते. झालं! इतिहासाच्या बाई फळ्याकडे वळून बोलायला लागल्या की दारातून शिट्टी. भर तासाला. इतिहासाच्या बाई रडत मोठ्या बाईंकडे गेल्या. मेमो निघाला. पीटीच्या बाईंनी तो वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या. संक्रांतीपर्यंत आमच्या शाळेतल्या झाडून सगळ्या बाई वर्गाकडे तोंड करून शिकवायला लागल्या होत्या. माझंही गणित त्यामुळंच सुधारलं.

आता माझं सांगते. लहानपणीच मला पोलिओ झाला. दोन्ही पाय कमरेपासून गेले. हळहळू नका, पुढं ऐका. अप्पा, म्हणजे माझे वडील, दुष्काळात वळसंग गाव सोडून सोलापुरात आले होते आणि मार्केट यार्डात तोलाईचं काम करायचे. त्यांनी यार्डातल्या खोक्यांच्या फळ्या जोडून, खाली गॅरेजमधली जुनी बेरिंग बसवून मला एक गाडी करून दिली. तिच्यावर बसायचं, हातांत टायरच्या चपला घालायच्या आणि जमीन मागं ढकलत सुटायचं. डांबरी रस्त्यावर असा घर्रर्र आवाज व्हायचा की कुत्री आधीच बाजूला व्हायची. आमच्या गल्लीत माझ्यापुढं कुणी जात नव्हतं, पळणारी पोरंसुद्धा. सातवीपर्यंतची शाळा गल्लीतच होती, तिथं कुणी काही म्हणलं नाही. आठवीला हायस्कुलात आले आणि पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी गेटवर अडवलं.

"हे काय आहे?"

"माझी गाडी."

"ही शाळा आहे, बाळ. देवळाच्या दारात बसल्यासारखं दिसतं हे. बाकीच्या मुलींच्या मनावर काय परिणाम होईल?"

मुलींच्या मनावर म्हणे! मुली तर माझी गाडी चालवून बघायला रांग लावून उभ्या होत्या. आणि देवळाच्या दारातला माणूस गाडीवर बसतो म्हणून गाडी वाईट झाली? तो भाकरीपण खातो. मग आपण भाकरी सोडायची का? पण हे सुचायला मला उशीर झाला. तेव्हा मी नुसती लालबुंद होऊन बसले होते.

मंडळानं माझ्यासाठी कॅलिपर मंजूर केले होते. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी खटका, खाली जड बूट, आणि हातात कुबड्या. मोठ्या बाईंनी अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, बोलावून स्पष्ट सांगितलं. कॅलिपर येईपर्यंत मुलीला कडेवर आणा. आले की चालत आली पाहिजे. गाडीवर यायचं असेल तर शाळेत नाव राहणार नाही.

अव्वाला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पोरगी उभी राहावी एवढंच तिचं मागणं होतं, देवाकडे तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. मी घरी आल्यावर म्हणलं, "बेडा." आमच्या घरात कानडी-मराठी असं मिसळूनच बोललं जायचं, आणि हट्ट नेहमी कानडीत. बेडा म्हणजे नको. अव्वानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि स्वतःच रडायला बसली.

मला वाटलं होतं, बाई माझ्या बाजूनं असतील. कसल्या काय! त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलातून मोठ्या मापाचे जुने कॅलिपर मागून आणले आणि आपल्या पायांना बांधले. साडी वर खोचून, खाली लोखंड, अशा बाई शाळेत यायला लागल्या. खाड, खाड, खाड. जिना चढल्या, जिना उतरल्या. सात रस्त्याला पोरं मागं लागली. एका टांगेवाल्या चाचांना दया आली. "क्या हुआ बाई पावां को? बैठो, मैं छोडतूं." बाई म्हणाल्या, "पाव को कुछ नहीं हुआ, डोकं फिरलंय," आणि पुढं गेल्या. आठवडा संपता संपता आमच्या वर्गात येऊन त्यांनी जाहीर केलं, "जमतं. मला या वयात जमलं तर तुला जमायला काय झालं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. सगळ्या वर्गासमोर मी ओरडले, "बाई, तुमचे पाय जिवंत हायत! आतनं तुमचाच पाय ढकलतोय त्या लोखंडाला. माझ्यात काय ढकलणारंय? तुमी कितीबी घालून बघा, तुमाला न्हाय कळायचं!"

त्या काळात शिक्षकांना उलट बोलणं म्हणजे दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन ये. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मग त्या खाली वाकल्या, एकेक पट्टा सोडला, दोन्ही कॅलिपर काढून टेबलावर ठेवले. बराच वेळ लागला. सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "ऐका सगळ्या. माझं चुकलं. ही म्हणते ते खरं आहे. मला ऐकू येतं म्हणून माझं डोकं दुखलं, मला दिसतं म्हणून मी खांबाला धडकले. वस्तूत काय वाईट आहे तेवढं मला कळलं. तिच्यात चांगलं काय आहे ते हिला कळणार."

शिक्षकाच्या तोंडून "माझं चुकलं" मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर नंतरही फारसं ऐकलं नाही.

मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या. "नको म्हणजे तुमच्यात काय?"

"बेडा."

"आणि पाहिजे म्हणजे?"

"बेकु."

"ठीक. आता असं करायचं. नुसतं बेडा म्हणून भागायचं नाही. मंडळाचे कॅलिपर आले की महिनाभर घालायचे, रडायचं नाही, पडलीस तर ऊठ. मग मला सांगायचं, बेकु का बेडा. मी ठरवणार न्हाय, तुझी आई ठरवणार न्हाय, मोठ्या बाई तर न्हायच न्हाय. पर खोटं सांगितलंस तर बघ!"

"आधी मी घालून बघते" हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. कुठल्याही मुलीपुढं कुठलीही वस्तू ठेवली की बाई विचारायच्या, "बेकु का बेडा?" मराठी मुलीला, तेलुगू मुलीला, मोमीन मुलीला, सगळ्यांना कानडीत. त्यांना तेवढीच कानडी येत होती.

तर मी कॅलिपर घातले. शाळेच्या जिन्यावर, फाटकाशी, आमच्या मोरीत, सगळीकडे पडले. पडणं मला नवीन नव्हतं. पण गाडीवरून पडलं तर माणूस वीतभर पडतं, कॅलिपरमधून अख्ख्या उंचीवरून. घरून निघून शाळेत पोचेपर्यंत पहिला तास बुडायचा. मांड्यांना पट्ट्यांचे वळ उठले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हात गेले. कुबड्या धरल्या की दप्तर घेता येत नाही, बोरं खाता येत नाहीत, कुणी वेणी ओढली तर उलट ओढता येत नाही. निकामी पाय उभे राहिले आणि चांगले हात अडकून पडले.

पण एक सांगते, कारण बाईंनी खोटं न सांगायची अट घातली होती. मी पहिल्यांदा फळ्यावर गणित केलं. प्रयोगशाळेतल्या टेबलावर चंचुपात्रात काय उकळतं ते पहिल्यांदा वरून बघितलं, तोपर्यंत लोकांनी सांगितलेलं ऐकत होते. आणि एकदा घरात भिंतीला टेकून उभी असताना अव्वा जवळ आली, माझा पट्टा नीट करायला वाकली, तेव्हा मला तिचा भांग दिसला. भांगात पांढरे केस होते. अव्वाला पांढरे केस आहेत हे मला माहीतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

महिना संपला. बाईंनी विचारलं. मी म्हणलं, "वर्गात बेकु. रस्त्यावर बेडा. मला दोन्ही पाहिजे."

"पक्कं?"

"पक्कं."

बाई मला घेऊन मोठ्या बाईंपुढं उभ्या राहिल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "दोन्ही कसं? ज्याला चालता येतं त्यानं चालावं."

"तुम्हाला चष्मा आहे," बाई म्हणाल्या. "वाचताना लावता. जेवताना का लावत नाही?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट नव्हत्या हो. शाळेचं नाव, शिस्त, पालक काय म्हणतील, यातच त्यांचा जीव. त्या म्हणाल्या, "शनिवारी मंडळाचा समारंभ आहे, तो नीट पार पडू दे. सोमवारपासून ही गाडी गेटच्या आत दिसली तर मुलीचं नाव कमी करीन. आता वाद नको." एवढं बोलून त्यांनी घंटा वाजवली. माझं पुढचं शिक्षण राहतं का जातं ते सोमवारवर आलं.

त्या समारंभाची तर कमालच. मंडळाला वस्तू जाहीर कार्यक्रमात द्यायच्या होत्या. माझे कॅलिपर तर महिनाभर माझ्या पायांत होते. मग शुक्रवारी शिपाई घरी आला आणि ते काढून घेऊन गेला. शनिवारी परत द्यायचे म्हणून! घासून-पुसून, झेंडूच्या माळा घालून ते स्टेजवरच्या टेबलावर उभे केले होते. मी शनिवारी शाळेत कशानं येणार याचा कुणी विचारच केला नव्हता. मी गाडीवर आले. मोठ्या बाईंनी ती घाईघाईनं पीटीच्या खोलीमागं ठेवायला लावली आणि मला पहिल्या रांगेत बसवलं.

ग्राउंड माणसांनी भरलं होतं. अव्वा इरकली नेसून बायकांत बसली होती, पोरीला सगळ्या गावापुढं चालताना बघायला. मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण झालं. मग मोठ्या बाईंनी माइकवर माझं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "आता ही विद्यार्थिनी स्वतःच्या पायांनी चालत येऊन कॅलिपर स्वीकारील!"

टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या. मी बसलेलीच. माझे पाय टेबलावर माळा घालून उभे होते, मी चालू कशानं? स्टेजवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी घाम पुसला. शेवटी मोठ्या बाईंनी शिपायांना खूण केली आणि दोघं लाकडी खुर्ची घेऊन मला उचलायला आले.

तेवढ्यात बाई पुढं आल्या. मला विचारलं, मोठ्यानं, "खुर्ची बेकु का बेडा?"

"बेडा."

"मग काय?"

"गाडी."

बाईंनी शिट्टी फुंकली. कवायतीच्या मुली उठून दोन बाजूंना झाल्या, मधून बाई माझी गाडी घेऊन आल्या. स्टेजच्या पायऱ्या मी हातांवर चढले, बसून, एकेक. कुणी हात लावला नाही, कारण बाई गाडी काखेत घेऊन माझ्या मागून येत होत्या आणि हात लावायला येणाऱ्याकडे बघत होत्या. वर त्यांनी गाडी ठेवली. मी बसले आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. फळ्यांचं स्टेज, समोर माइक. तो घर्रर्र आवाज सगळ्या ग्राउंडवर गेला.

अध्यक्षांनी वाकून माइक माझ्या तोंडाशी धरला. "बाळ, आता तुला चालायला मिळणार. आनंद झाला ना?"

सोमवार माझ्या डोळ्यांपुढं होता. मी म्हणाले, "झाला की. कॅलिपर चांगले हायत, वर्गात उभं राहायला मला पाहिजेत. पण यायला-जायला मला माझी गाडीच पाहिजे. मोठ्या बाई म्हणतात, सोमवारी गाडीवर आलीस तर नाव काढून टाकीन. मग कॅलिपर घालून मी उभी कुठं राहू?"

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला, आणि माइक चालू आहे हे विसरून त्या म्हणाल्या, "अगं, असं मी कधी म्हणाले?"

"म्हणजे येऊ दे ना गाडीवर?" पीटीच्या बाईंनी तिथंच विचारलं.

"येऊ दे की," अध्यक्ष म्हणाले. त्या माणसाला फक्त कार्यक्रम संपवायचा होता. "आम्ही शिकायला मदत करतोय. पोरगी कशानं का येईना."

मोठ्या बाईंना मान हलवावी लागली. ती सगळ्या गावानं बघितली.

बाईंना अर्थातच मेमो मिळाला आणि वर्षभर कुठल्याही कार्यक्रमाला त्यांना उभं करायचं नाही असं ठरलं. त्याचं त्यांना काही नव्हतं. मला भीती होती अव्वाची. घरी जाताना ती माझ्या पुढं पुढं चालत राहिली. इरकली घडी घालून ठेवली, भाकरी केल्या, रविवारी दिवसभर धुणं धूत बसली. मी चालत स्टेजवर जाईन म्हणून ती आली होती, आणि मी सगळ्यांदेखत बसूनच गेले होते.

सोमवारी सकाळी मी गाडीवर बसले, कॅलिपर दोरीनं मागं बांधले. अव्वा चप्पल घालून बाहेर आली. आजपर्यंत ती रस्त्यानं माझ्या गाडीबरोबर कधी चालली नव्हती. पुढं तरी जायची नाहीतर मागं तरी राहायची. त्या दिवशी ती माझ्या शेजारून चालायला लागली. मी हळू झाले की ती हळू, मी सुटले की ती जवळजवळ पळत. कोपऱ्यावर एक बाई थांबली, गालावर हात ठेवून म्हणाली, "अगाई गं! एवढी चांगली पोरगी आन जमिनीवर..."

अव्वा थांबली. "शाळंला चाललीया. तुमी वाट सोडा." ती बाई हलेना, आणखी काहीतरी म्हणाली. मग अव्वानं तिला कानडीत जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. बघायला माणसं जमली. मी म्हणत होते, "अव्वा, चल की, घंटा होतीया," पण अव्वा तेव्हा कुणाचं ऐकणार! इतक्या वर्षांचं सगळं तिनं त्या कोपऱ्यावर बोलून घेतलं.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपून गेली होती. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, आणि आत निघून गेल्या. पीटीच्या बाई ग्राउंडवर होत्या. मला वाटलं, आता जवळ येतील, पाठीवर हात ठेवतील, निदान हसतील.

"उशीर झालाय," बाई म्हणाल्या. "उशिरा येणाऱ्यानं ग्राउंडला फेरी मारायची. नियम माहीत नाही?"

अव्वा म्हणाली, "बाई, वो, तिला कसं..."

"गाडी हाय की तिला," बाई म्हणाल्या.

ग्राउंड मुरमाचं. मुरमात बेरिंग फिरत नाहीत, रुततात. मी ढकलत होते, हातांचे तळवे पेटले होते, घाम डोळ्यांत जात होता. अर्ध्यात दम खायला थांबले तर बाई लांबून ओरडल्या, "थांबायला सांगितलं का मी?" वर्गांच्या खिडक्यांतून मुली बघत होत्या. अव्वा गेटपाशी पदर तोंडाशी धरून उभी होती, रडत होती का हसत होती ते कळत नव्हतं. मी फेरी पुरी केली. बाईंनी शाब्बास म्हणलं नाही. "जा वर्गात," एवढंच म्हणाल्या.

गणिताचा तास चालू होता. गणिताच्या बाईंनी विचारलं, "का गं, उशीर का?"

"शिक्षा झाली होती, बाई," मी म्हणाले. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.